अर्धलीचा वाटा

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात मला एकदाच रोख पैसे दिले, आणि त्यांचं मी जे केलं ते कुणाला सांगायची माझी अजून छाती होत नाही. पोरीच्या नर्सिंगची फी कुठून भरलीस असं शेजारणी विचारतात. मी म्हणते, माहेरून आली. त्यांना बरं वाटतं, विधवा बाईचं माहेर धड आहे म्हणून. मी विषय बदलते.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. गाव आमचं तामलवाडीच्या अंगाला. पूर्वी तिथून निघाल्यावर डोंगराच्या कडेकडेनं दिवसभर मेंढरं चारत नेता यायची. आता कुणी द्राक्षाची बाग लावून तारेचं कुंपण केलं, कुणी पत्रे ठोकले, कुणी वीज करायच्या काचा मांडल्या. मेंढरानं कुठं तोंड घालायचं? धाकटा भाऊ एका कारखान्यावर वॉचमन म्हणून लागला, त्याला कपडे मिळाले, शिट्टी मिळाली. त्यानं सरळ सांगितलं, आता माझ्यानं मेंढरांमागं होणार नाही. आबांचे गुडघे केव्हाच गेले होते. मेंढरं विकायची ठरली.

हे मला फोनवर कळलं होतं. मी धाराशिवला राहते. सरकारी ऑफिसात कंत्राटावर टायपिंग करते. अकरा महिने काम, एक दिवस घरी, की पुन्हा अकरा महिने. नवरा गॅरेजवर मिस्त्री होता, तो जाऊन सहा वर्षं झाली. पोर एकुलती एक. त्या साली तिची बारावी झाली होती आणि नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. फी भरायला तीन आठवडे होते. मी दोन बचत गटांत शब्द टाकून ठेवला होता आणि दोन्हीकडून 'बघू' एवढंच उत्तर आलं होतं. आमच्याकडं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

अशात एका सकाळी आबा दारात उभे. न कळवता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, एसटीच्या धुळीनं मिशा पांढऱ्याच्या तांबूस झालेल्या. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, नेहमीसारखे उंबऱ्याला टेकून बसले. चहा बशीत ओतून प्यायले. नातीला म्हणाले, "माय, माझ्यासाठी तंबाखूची पुडी आण बरं." ती गेली तशी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. जनावरांच्या औषधाच्या दुकानाची पिशवी. ती माझ्यापुढं ठेवली आणि नुसतं म्हणाले, "घे."

"काय हे आबा?"

"पैसं हायत. तुझ्या मेंढीचं."

मला काही उमगेना. माझी कुठली मेंढी? माझ्या घरात साधं मांजर टिकत नाही.

मग त्यांनी सांगितलं. माझ्या लग्नात त्यांनी मला एक मेंढी आंदण दिली होती. आमच्यात ती रीतच आहे, लेकीबरोबर एखादी मेंढी लावून द्यायची. पण माझं सासर शहरात, भाड्याची खोली, तिथं मेंढी बांधायची कुठं? म्हणून ती आबांच्याच कळपात राहिली. मी तर ते पार विसरून गेले होते. लग्नात कुणी किती ताटं दिली ते मला आजही पाठ आहे, पण मेंढी ध्यानात नव्हती. आबा विसरले नाहीत. त्या मेंढीच्या पोटची जी जी झाली, तिच्या डाव्या कानाला त्यांनी काप दिला. वीस वर्षं. आणि आता सगळा कळप विकायच्या आधी त्यांनी कानाला काप असलेली चौदा मेंढरं वेगळी काढून बाजारात नेली होती.

"काळ्या तोंडाची व्हती ती," आबा म्हणाले. "तिची पयली लेक लांडग्यानं नेली. दुसरी लई गुणाची, चार वेतं झाली तिला. त्यातली एक तारंला चिटकून मेली. तुझी पोर झाली त्या साली जुळी झाली व्हती बघ, म्या तुला निरोप बी धाडला व्हता." निरोप आला असेलही. मी त्या वेळी ओली बाळंतीण, मला मेंढीच्या जुळ्यांचं काय? ते बोटांवर एकेक मेंढी मोजत होते, तिची आई कोण, तिची आजी कोण, कोणती कुठल्या माळावर व्याली. लोक देवघरापुढं बसून पूर्वजांची नावं घेतात तसं. मी रडायला लागले. आबांना बायकांचं रडणं सोसत नाही, ते काठीनं उगाच फरशी उकरत बसले.

पिशवीत एक लाख वीस हजार होते.

"भावाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"न्हाय. त्याला म्या सांगितलंय की काप असलेली देवाची हायत. अणदूरच्या खंडोबाच्या नवसाची. म्हणून त्यानं कधी त्यांतलं एक इकलं न्हाय का कापलं न्हाय."

"देवाच्या नावानं खोटं बोललात आबा?"

"देवाला मेंढरं कशाला लागत्यात? त्याच्याकडं घोडा हाय."

मला हसू आलं. आबाही मिशीत हसले. मग एकदम तोंड गंभीर करून म्हणाले, "तुझं हाय. पुरून ठेव न्हायतर जाळ. पण ह्या घराच्या भायेर बोलू नको. तुझ्या भावापशी तर न्हायच. माझं अजून त्याच्याच ताटात खाणं हाय." दुपारच्या गाडीनं ते परत गेले. मुक्कामाला राहा म्हटलं तर म्हणाले, उरलेली मेंढरं उद्या नेणार हायत, म्या तिथं पायजे.

आता कुणीही म्हणेल, ह्यात ठरवायचं काय? पोरीची फी भरायची आणि मोकळं व्हायचं. माझ्या पोरीनंही तेच म्हटलं. पण पैसा ज्वारीच्या डब्यात ठेवला त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कारण माझ्या डोक्यात भाऊ बसला होता.

माझा भाऊ वाईट नाही. हे मी आजही म्हणते. मी बारावीपर्यंत शिकले ते त्याच्या जिवावर. तो आठवीत असताना आबांचा पाय मोडला आणि त्याला शाळेतून काढून मेंढरांमागं लावलं. मी घरात पुस्तकं घेऊन बसायचे आणि तो उन्हातान्हात, पायात काटे, अंगाला मेंढरांचा वास. पोरं त्याला लेंडी म्हणून चिडवायची. माझी म्हणवली गेलेली ती चौदा मेंढरं चारली कुणी? पाणी दाखवलं कुणी? लांडग्यामागं काठी घेऊन धावलं कोण? आबा तर गेली दहा वर्षं मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी बसून नुसतं मोजायचं काम करत होते.

आणि दुसरं, जे जास्त खरं आहे ते. मला माझं माहेर टिकवायचं होतं. नवरा नाही, सासरच्यांनी पाठ फिरवलेली. उद्या पोरीचं लग्न निघालं तर अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. मामा रुसला तर लग्नाच्या मांडवात बाईची काय शोभा होते ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पैशाची गोष्ट गावात लपत नाही. मी फी भरली की त्याच्या कानावर जाणारच, एवढे पैसे हिला कुठून मिळाले. मग तो म्हणेल, बाप आणि बहीण मिळून मला फसवलं. तो असं म्हणायच्या आत आपणच सांगितलं तर? ह्या 'आपणच सांगितलं तर'नं माझा घात केला.

तोड मला ऑफिसात सुचली. आमच्याकडं शेळ्यांच्या योजनेच्या याद्या टाइप करायला आल्या होत्या. नावामागून नाव बडवत होते, आणि एकदम डोक्यात आलं, अर्धल! ज्याच्याकडं जागा नाही, माणूसबळ नाही, तो आपली शेळी नाहीतर मेंढी दुसऱ्याला राखायला देतो. राखणारा तिला चारतो, सांभाळतो, आणि जी पिल्लं होतील ती निम्मी धन्याची, निम्मी राखणाऱ्याची. ह्याला अर्धलीनं देणं म्हणतात. आमच्या भागात हे पोराटोरांना माहीत असतं. मग मेंढरं माझी, राखली भावानं. निम्मे त्याचे, निम्मे माझे. रीतीनं, कायद्यानं, देवाधर्मानं बरोबर. कुणाचं मन दुखायचं कारण नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी कँटीनमध्ये दुसरा चहा घेतला. शिकलेल्या माणसाला स्वतःची अक्कल फार गोड लागते.

आबांनी बोलू नको म्हटलं होतं, हे मी विसरले नव्हते. मी स्वतःची समजूत घातली की म्हातारी माणसं उगाच भितात. आपण नीट समजावून सांगू.

रविवारी गावी गेले. साठ हजार एका पाकिटात घातले होते. आबा घरात नव्हते, मारुतीच्या पारावर गेले होते. मला वाटलं बरंच झालं, आधी भावाशी बोलून घेऊ. भाऊ नुकताच ड्यूटीवरून आला होता, कारखान्याचे कपडे अंगावरच होते. भावजय चुलीपाशी होती. मी सगळं सांगितलं. मेंढी, काप, चौदा मेंढरं, बाजार. पाकीट पुढं केलं आणि म्हणाले, "तू राखलीस. ही तुझी अर्धल समज."

त्याच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येत नाही. राग नव्हता. त्यानं पाकिटाकडं बघितलं. मग म्हणाला, "मंजी ती देवाची नव्हती?"

"नाही रे. आबांनी तसं सांगितलं होतं, मला द्यायची म्हणून."

"आक्का, माझं पोरगं तापानं फणफणलं तवा म्या त्यातली दोन इकाया काढली व्हती. आबा म्हनलं, देवाच्या मालाला हात लावशील तर पोराला भवंल. म्या सावकाराच्या दारात गेलो." त्यानं गळ्यातली शिट्टी काढून ठेवली. "वीस वरसं म्या देवाची म्हनून आधी त्यास्नी पाणी पाजलं, मग बाकीच्यास्नी."

हे मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आता पाकीट मागं घेता येत नव्हतं. त्यानं ते उचललं, मोजलं नाही, खिशात घातलं.

तेवढ्यात आबा आले. मला बघून त्यांना आनंद झाला होता, मी तो पाहिला. "कवा आलीस माय?" एवढं ते म्हणाले आणि त्यांना चुलीपासून दारापर्यंतची शांतता जाणवली.

भाऊ म्हणाला, "आबा, काप असलेली मेंढरं कुणाची व्हती?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी घाईघाईनं बोलायला लागले, जसं काही उशीर झाला तर चूक होईल. म्हणाले, "आबा, चिडू नका. मी रीतीनंच केलंय. त्यानं मेंढरं राखली, त्याची अर्धल त्याला दिली. आता कुणाचं कुणाला देणं राहिलं नाही."

"अर्धल?" आबा म्हणाले.

"राखणाऱ्याला देतात तीच की."

"वाडा कुणाचा व्हता?"

मी भावाच्या खिशाकडं बघितलं.

"मेंढरं कुणाच्या वाड्यात व्हती? राखणारा कोण मग? ह्यो माझ्यासाठी राखीत व्हता, म्या कुणासाठी राखीत व्हतो?" आवाज चढला नव्हता. "म्या लेकीची मेंढरं अर्धलीनं राखली व्हय गं? परक्याची राखावी तशी?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं मी काय केलंय ते. अर्धल लोक परक्यांशी करतात. बाप लेकीची मेंढी राखतो त्याला रीत नसते, वाटा नसतो, तो नुसता बाप असतो. वीस वर्षं कानाला काप देत बसलेल्या माणसाला मी भर घरात, त्याच्या सुनेसमोर, मजूर करून त्याचा हिशेब चुकता केला होता. वर त्याला पोराच्या नजरेत देवाच्या नावानं खोटं बोलणारा ठरवला होता. मी त्यांचे पाय धरायला वाकले. ते बाजूला झाले. म्हणाले, "गाडी हाय का तुला आता?"

भावजयनं ताटं वाढली होती. आबा जेवायला बसले नाहीत. मी भाकरीचे दोन घास कसेबसे गिळले आणि निघाले. बसस्टॉपपर्यंत कुणी आलं नाही.

उरलेल्या साठ हजारांत एका गटाचं हातापाया पडून काढलेलं कर्ज मिळवून फी भरली. पोरगी हॉस्टेलला गेली. ती खूश होती, तिला मी काही सांगितलं नाही. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. भावाची दुभती म्हैस अचानक मेली तेव्हा तो आबांना म्हणाला, देवाच्या नावानं खोटं बोललात, त्याचं फळ आलं. आबा अणदूरला नारळ वाहून आले. पण घरात काही बिघडलं की तो विषय निघायचा. नळाला पाणी आलं नाही तरी निघायचा. आबांनी घरात झोपणं सोडलं, मोकळ्या वाड्यात खाट टाकली. मी फोन केला की भावजय म्हणायची, आबा भायेर हायत. प्रत्येक वेळी बाहेर. दोनदा मी जाऊन आले. आबा बोलले, पाऊसपाण्याचं, रस्त्याच्या कामाचं, पाहुण्याशी बोलतात तेवढं.

आणि भाऊ? तो माझ्याशी नीट वागतो. दिवाळीला साडी पाठवली. पोरीच्या लग्नाला मामा उभा राहील, त्यात आता मला शंका नाही. तेवढं मी कमावलं.

मागच्या हिवाळ्यात ऑफिसात असताना भावाचा फोन आला, भलत्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाला, "आबास्नी बघून आलीस का?" मी म्हटलं कुठं? तो म्हणाला, "आँ? तुला ठावं न्हाय व्हय? चार दिस झालं, तिकडं तुझ्याच गावात सरकारी दवाखान्यात हायत. डोळ्यानं दिसंना झालंय त्यास्नी. म्या सोडून आलो, ड्यूटीमुळं मला राहता येईना. आबा म्हनलं, तिला म्या सांगतो."

माझ्या घरापासून तो दवाखाना चालत पंधरा मिनिटांवर आहे.

ऑफिस सुटेपर्यंत भेटायची वेळ टळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी, पातळ पिठलं. डबा घेऊन गेले. आबा खिडकीपाशी खाटेवर बसले होते, पाय खाली सोडून, हात गुडघ्यांवर. डॉक्टर दारातच भेटले होते, त्यांनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे, फार उशीर झाला, गेलेली नजर येणार नाही. मी पुढ्यात उभी राहिले तरी त्यांना कळलं नाही.

"आबा, मी आलेय."

त्यांनी आवाज ओळखला. ओळखल्याचं मला दिसलं. मान थोडी वर झाली आणि मग तशीच राहिली. "ये," म्हणाले.

मी डबा उघडून भाकरी हातात दिली. ते जेवले. हळूहळू, सगळं जेवले, पाणी मागितलं. मला वाटलं, गेला राग. माझ्या मनात तर तिथंच घरी न्यायचे बेत सुरू झाले होते, खाट कुठं टाकायची, पोरगी सुट्टीत आली की त्यांच्या डोळ्यांत औषध घालेल. मी म्हणाले, "आबा, इथून सोडलं की घरी चला. माझ्याकडंच राहा." ते पटक्याच्या टोकानं तोंड पुसत राहिले.

शेजारच्या खाटेवर तुळजापूरकडचा एक म्हातारा होता, डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला. त्यालाही शेतकीची, जनावरांची बोलायची हौस. चार दिवसांत दोघांचं बरं जमलेलं दिसत होतं. त्यानं कौतुकानं विचारलं, "कोण वो ह्या? लेक का तुमची?"

आबा म्हणाले, "न्हाय. वळखीची हाय. हिची मेंढरं व्हती माझ्याकडं."

"अर्धलीनं?"

"व्हय," आबा म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि मला म्हणाला, चांगल्या आहात बाई, एवढी आठवण ठेवून डबा आणला. मी डबा उचलला. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, तिथं तो धुतला, आणि आत परत गेले तेव्हा आबा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले होते.